स्कूटरवरून दुकानोदुकानी

मुलाला प्रथम गादीवर बसविताना जाणते व्यापारी एक गोष्ट आवर्जून सांगतात : माल पडून राहिला म्हणजे तो हलकाच असतो असे नाही, कित्येकदा पेठ चुकलेली असते. धान्याला आणि कापडाला लागू पडणारा हा नियम गाण्यालाही लागू पडतो. गोव्याचे गीतकार-गायक रेमो फर्नांडिस यांच्या पहिल्या अल्बमची हकिगत त्याची साक्ष देते.

१९५३ साली पणजी येथे जन्मलेल्या रेमो यांनी मुंबईच्या सर जे. जे. कॉलेज ऑफ आर्किटेक्चरमध्ये वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. त्या बळावर स्थिर व्यवसाय करणे त्यांना अवघड नव्हते. परंतु मन गिटारमध्ये आणि स्वतःच्या शब्दांत गुंतलेले होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकले, गात राहिले आणि अखेरीस बार्देशातील शिवोली या आपल्या गावी परतले.

गाणी तयार होती, पण ती काढणारा कोणी नव्हता. त्या काळी बाजारपेठ हिंदी चित्रपटगीतांची होती, आणि इंग्रजीत गाणारे बहुतेक भारतीय वाद्यवृंद परदेशी गाण्यांची नक्कल करीत. गोव्याच्या जीवनावर स्वतः रचलेली इंग्रजी गाणी कोण विकत घेणार? मुंबईतील कंपन्यांनी नकार दिला. अशा वेळी कलावंतापुढे सहसा दोनच वाटा उरतात : मागणीप्रमाणे स्वतःला बदलणे, किंवा कडवटपणे गप्प बसणे. रेमो यांनी तिसरी वाट धरली.

शिवोलीच्या घरीच त्यांनी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रण सुरू केले. अशा यंत्रावर एकट्याने काम करताना वाद्ये व आवाज एकामागून एक मुद्रित करावे लागतात. ट्रॅक भरत आले की ते एकत्र करून पुढच्यासाठी जागा करावी लागते, आणि एकदा मिसळलेले भाग पुन्हा सुटे होत नाहीत. गीतकार, संगीतकार, गायक, वादक आणि तंत्रज्ञ या साऱ्या भूमिका रेमो यांनी एकट्याने निभावल्या. वेष्टनही स्वतःच रेखाटले. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम सिद्ध झाला. मग कॅसेटी स्कूटरवर घेऊन ते गोव्यातील दुकानोदुकानी स्वतः पोहोचवू लागले.

व्यापारी दृष्टीने पाहिल्यास यात मोठा विवेक आहे. तबकडी काढायची तर कारखाना लागे. कॅसेटच्या प्रती मात्र थोड्या भांडवलात, खपेल तितक्याच काढता येत. शिवाय ज्या लोकांविषयी गाणी लिहिली, त्यांच्याच पेठेत माल प्रथम गेला. तेथे पत निर्माण झाली. १९८६ साली अमली पदार्थांविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम आला. पुढे मोठ्या कंपन्याही आल्या, ‘बॉम्बे’ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील गाणे आले, आणि २००७ साली पद्मश्री लाभली.

आज छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी वा जुन्या मोंढ्यातील एखाद्या दुकानाच्या माडीवरही लॅपटॉप आणि माइक यांच्या साहाय्याने अल्बम तयार होऊ शकतो. अल्प शुल्कात किंवा कमिशनवर तो स्ट्रीमिंग ॲपवर पोहोचविणाऱ्या संस्थाही आहेत. आता दार बंद असण्याचे भय कमी. गर्दीत हरवण्याचे आणि न वाचता करारावर सही करण्याचे भय अधिक.

येथे घरातील वडीलधाऱ्यांचा अनुभव उपयोगी पडतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा सुरक्षित केला आहे. हा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, कंपनीला सोडून देता येत नाही. उमेदीच्या भरात एखाद्या तरुणाच्या हे ध्यानात येत नाही. ज्यांनी आयुष्यभर बिले आणि करारपत्रे वाचली, त्यांच्या मात्र ते एका दृष्टिक्षेपात ध्यानात येईल.

मुलगा किंवा मुलगी गाणी लिहू लागली की घरात एकतर निषेध होतो, नाहीतर कौतुकाने पैशाची थैली मोकळी होते. दोन्ही टाळता येईल. एक वही द्यावी, मर्यादित रक्कम ठरवून द्यावी, खर्चाचा आणि वेळेचा हिशेब मागावा. शिक्षण किंवा दुकानातील जबाबदारी सुटू देऊ नये. पहिली दहा गाणी आपल्या गावातील शंभर माणसांना ऐकवून त्यांचे मत समजून घेण्यास सांगावे. त्यानंतरही उमेद टिकली, तर ती निव्वळ हौस नव्हे, इतके तरी घरच्यांना उमगेल.