गर्भ वाढला कुठे?

घरात पहिल्यांदा पदवी घेतलेला वाचक विश्वाच्या उत्पत्तीवरचे पुस्तक उघडतो. दहा-पंधरा पानांत अडतो आणि जुना आवाज ऐकू येतो: हे आपले काम नाही. अडतात सगळेच. पण इतरांना त्यावरून आपली पायरी आठवत नाही.

हा विषय आपल्यासाठी नुसता छंद कधीच नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त ही विश्वाच्या उत्पत्तीचीच कथा आहे. पुरुषाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य आणि पायांपासून शूद्र. म्हणजे वर्ण सूर्यचंद्राइतकेच नैसर्गिक! ब्रह्मदेवाच्या नावाने पुढे तीच कथा चालत राहिली. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त तिला घरगुती प्रश्न विचारले. मुखात गर्भ राहिला, तर तो नऊ महिने वाढला कुठे? विटाळाचे काय? असे विचारायला वेदपंडित असावे लागत नाही.

विश्वशास्त्राची पुस्तकेही याच नजरेने वाचावीत. हे तुम्हाला कसे कळले? इथे उत्तर मिळते. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती, आकाशात कुठेही रोखला तरी सारखीच. त्यांनी आत साचलेली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली. खरखर गेली नाही. 1965 साली उलगडा झाला: ती तप्त, बाल्यावस्थेतल्या विश्वाची उरलेली ऊब होती, आता उणे 270 अंशांवर आलेली. महास्फोट वेदांत होताच, असे म्हणणाऱ्याला विचारावे की हा आकडा 1965 पूर्वी कोणत्या ऋचेतून काढला होता?

मराठी वाचकांची आणखी एक गंमत. आपल्यातल्या अनेकांनी हे शास्त्र जयंत नारळीकरांकडून समजून घेतले, आणि नारळीकरांना महास्फोटच मान्य नव्हता. फ्रेड हॉईल यांच्या स्थिर विश्वाची बाजू त्यांनी लढवली, 1993 मध्ये ती सुधारून पुन्हा मांडली. बहुतेक शास्त्रज्ञांना पटली नाही, कारण ती खरखर आड येत होती. केंब्रिज, पद्मविभूषण, सगळा मान होता. मान पुरावा म्हणून चालला नाही. आणि मतभेदापायी त्यांना कुणी वाळीतही टाकले नाही. पुण्याची ‘आयुका’ त्यांनीच उभी केली.

रोहित वेमुला खगोलशास्त्रज्ञ नव्हता. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. सुरुवात नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’पासून करता येईल. गणित आले तर खुशाल पान उलटा. पुरावा आला की मात्र थांबा, आणि ते पान दोनदा वाचा.