आधी वही उघडा, मग दार

बडोद्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे यजमान चित्रांचं छोटंसं दालन चालवत. यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि दालनाला कुलूप लागलं. आता ते काठीच्या आधाराने चालतात, बोलणंही स्पष्ट झालं आहे. बाईंना दिवाळीत दालन पुन्हा सुरू करायचं आहे. रंगरंगोटी, नवे दिवे, उद्घाटनाचे पाहुणे यांतलं आधी काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या अखेरीस मात्र त्या लिहितात, "आजारपणाच्या आधी तीन चित्रं विकली गेली होती. ते पैसे औषधपाण्यात गेले. चित्रकारांना अजून कळवलेलं नाही."

ताई, सुरुवात या शेवटच्या ओळीपासूनच करा.

किराणा दुकान बंद राहिलं तर नुकसान दुकानदाराचं. चित्रदालनात बहुतेक माल दुसऱ्याचा असतो, विश्वासाने ठेवलेला. चित्र विकलं की ठरलेलं कमिशन आपलं. बाकीची रक्कम ही चित्रकाराची ठेव. त्यातून तुमच्या शहरात १९५० पासून विद्यापीठाची ललित कला शाखा आहे. तिथले चित्रकार एकमेकांना ओळखतात. आजारपण ते समजून घेतील, पण ही गोष्ट दुसऱ्याकडून कळली तर मनं दुखावतील.

तिघांनाही पत्र लिहा. चित्र कधी आणि कितीला विकलं, त्यांचं देणं किती, दरमहा किती फेडणार, हे स्पष्ट असू द्या. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा आणि पहिला हप्ता पत्रासोबतच पाठवा. ज्यांची चित्रं तुमच्याकडे आहेत, त्या बाकीच्यांनाही दालन पुन्हा सुरू होत असल्याचं कळवा. कुणाला चित्र परत हवं असेल तर राग न मानता द्या.

मग चित्रं तपासा. बंद खोलीत दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते. तैलचित्रांपेक्षा कागदावरच्या जलरंगांना धोका जास्त. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हातही ठेवू नका. रंग फिके पडतात. नाकातोंडावर मास्क बांधून ते चित्र इतरांपासून वेगळं करा, कोरड्या हवेशीर सावलीत ठेवा आणि चित्रकाराला दाखवा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, ते जाणकाराचं काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल. पुन्हा टांगताना फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही.

तुमचा सगळा हिशेब यजमानांच्या डोक्यात होता, असंही तुम्ही लिहिलं आहे. आता तो वहीत येऊ द्या. ते सांगतील, तुम्ही लिहा: चित्र कुणाचं, कधी आलं, किंमत काय, कमिशन किती. रोज अर्धा तास पुरे. त्यांचंही मन रमेल. घरातल्या माणसांनी चालवलेलं दालन टिकतं ते काम वाटून घेतल्यामुळे. मुंबईत केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. १९८८ पासून त्यांची मुलगी शिरीन ती सांभाळू लागली. तुमच्या मुलांनाही ती वही वाचता आली पाहिजे.

पहिले काही महिने आठवड्यातून तीनच दिवस, तेही संध्याकाळी, दालन उघडा. यजमानांच्या व्यायामाची आणि औषधांची वेळ त्यापायी चुकता कामा नये. उद्घाटनाचा खर्च टाळा. ते पैसे हप्त्यांना उपयोगी पडतील. भिंतींना पांढरा हात द्या, दहा-बारा चित्रं लावा, चहा ठेवा.

आणि टेबलाजवळ यजमानांची खुर्ची ठेवा. येणारे प्रकृतीची चौकशी करतीलच. उत्तर त्यांनाच देऊ द्या.