गोधन कोणाचे?

शाळेच्या व्याकरणात समूहदर्शक शब्दांची यादी असते: पक्ष्यांचा थवा, उंटांचा तांडा, गुरांचा कळप, दरोडेखोरांची टोळी. मुले ती पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि विसरतात. ‘पुष्कळ’ म्हणण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हा आहेत, एवढाच समज मागे उरतो. खरे तर यातले अनेक शब्द त्या जनावरांशी माणसाचे नाते काय, हे सांगतात. कळप हा शब्द संस्कृत ‘कलाप’ म्हणजे जुडगा, संग्रह यावरून आला. त्यात माणूस नाही. तांड्यात मात्र बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मैलोन्‌मैल चालणारा बंजारा आहे. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि तो राखणारा खिल्लारी. पुढे तेच नाव माणदेश-सोलापूरकडच्या बैलांच्या जातीला मिळाले. भंडारा जिल्ह्यात या जातकुळीचा शब्द आहे तो गोधन, आणि त्याचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आहे.

दिवाळीच्या पाडव्याला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गायगोधन असते. गावची गुरे सजवून आखरावर, म्हणजे गुरे जमवण्याच्या जागी, आणतात, गुरे राखणारा गोवारी समाज ढाल या आपल्या चिन्हाची पूजा करतो, गायी खेळवल्या जातात. मोहाडी तालुक्यातल्या जांभोऱ्याला गुराखी वाटेत पालथा पडतो आणि गायी त्याच्या अंगावरून जातात. या प्रथेच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या बातम्यांत आणि भाषणांत गोधनाचा अर्थ हमखास ‘गाय हीच संपत्ती’ असा सांगितला जातो. संस्कृतात ‘गोधना’चे दोन अर्थ आहेत, गोरूपी संपत्ती आणि गायींचा समुदाय. पाडव्याच्या गोधनाला यांतला दुसरा अर्थ लागू पडतो, असे माझे मत आहे. कारण सरळ आहे. आखरावर जमणाऱ्या गायी गोवाऱ्याच्या नसतात. घरोघरच्या गायी सकाळी एकत्र करायच्या, दिवसभर रानात राखायच्या आणि सांजेला ज्याच्या त्याच्या दारी पोचवायच्या, हे त्याचे काम. मालकी शेतकऱ्याची, कळप मात्र गोवाऱ्याने बांधलेला. गोधन म्हणजे संपत्ती असे म्हटले की सणाचा मानकरी गाईचा मालक ठरतो, आणि ज्याच्यामुळे सुट्या गायींचे गोधन झाले तो बाजूला पडतो. ‘पशुधन’ या सरकारी शब्दात तर तो पहिल्यापासूनच नाही. या समाजाच्या वाट्याला बाजूला पडणे पुरेसे आले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळावर नेलेल्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी गेले. अनुसूचित जमातीत आपली गणना व्हावी, ही त्यांची मागणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये मान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निकाल फिरवला. शब्दाचा अर्थ नीट लावून यातले काही भरून येणार नाही. पण ज्यांचे नावच गाईवरून पडले, त्यांच्या सणात तरी त्यांचे काम दिसावे.

यावर कोणी म्हणेल, शब्द बदलतच असतात, आणि गावची गुरे एकत्र चारायला नेण्याची रीतच आटली तर शब्दाला धरून काय बसायचे? रीत आटते आहे, हे खरे. म्हणूनच ती काय होती याची खूण शब्दात राहू द्यायला हवी. बोलीतला शब्द प्रमाण भाषेत कशाला, हा आक्षेप तर मला मुळीच पटत नाही. हिंदीतून ‘झुंड’ आली ती आपण विनातक्रार घेतली, साकोलीला डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जन्मभर गोळा केलेल्या झाडीबोलीच्या शब्दांपुढे मात्र परवाना मागतो.

शब्दांची हीच बेफिकिरी रानातल्या प्राण्यांबद्दल बोलतानाही दिसते. २०२२ च्या अखेरीस गडचिरोली-गोंदियाकडून रानटी हत्ती साकोली-लाखनीच्या भागात आले. हत्तींचा कळप वडीलधाऱ्या मादीच्या मागे चालतो; त्यात तिच्या लेकी, बहिणी, पिल्ले असतात. अशा कळपाला बातमीत ‘टोळी’ म्हटले की यादीतले दरोडेखोर आठवतात. नागझिऱ्याच्या रानकुत्र्यांना टोळी शोभते, कारण ती मिळून शिकार करतात. ज्याचे उभे धान हत्तींनी तुडवले त्या शेतकऱ्याला या भेदाचे काय, असे विचारता येईल, आणि त्याचा राग रास्तच आहे. पण नेमका शब्द हत्तीला माफी देत नाही. लूट करायला आलेल्या टोळीला हुसकावायचे असते. पिल्लांसह चाललेल्या माद्यांच्या जवळ जायचे नसते, फटाके घेऊन तर नाहीच. रात्री बांधावर राखणीला बसलेल्या माणसाला यातली दुसरी माहिती जास्त गरजेची आहे, आणि बातमीने ती त्याच्यापर्यंत पोचवायला हवी.