एसईलिनक्स बंद करणं हा इलाज नव्हे

सर्व्हरवरचं पान ‘403 फॉरबिडन’ दाखवू लागलं की जुनीजाणती मंडळीही सांगतात : ‘सेटएनफोर्स 0’ मारून एसईलिनक्सचा, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या सुरक्षा-धोरणाचा, पहारा उठव आणि मोकळा हो. हा सल्ला घातक आहे.

पहिला आक्षेप असा, की एसईलिनक्समुळे सुरळीत चाललेलं काम अडतं. कुठे अडतं ते बघा तरी! माझ्या हाताखालच्या एका मुलाने वेबसाइटच्या फायली स्वतःच्या होम फोल्डरमध्ये तयार केल्या आणि ‘एमव्ही’ने वेबच्या फोल्डरमध्ये हलवल्या. 403. त्याने ‘सीएचमॉड 777’ केलं, तरी 403. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ऑडिट लॉगमध्ये एका ओळीत सगळं लिहिलेलं होतं : मागणाऱ्या वेबसर्व्हरचं लेबल ‘एचटीटीपीडी_टी’, फाइलचं लेबल ‘यूजर_होम_टी’, परवानगी नाकारली. ‘एमव्ही’ने फाइल हलवली की तिचं जुनं लेबल तिच्याबरोबर जातं; ‘सीपी’ने नवी प्रत केली की तिला नव्या जागेचं लेबल लागतं. ‘रिस्टोरकॉन’ने लेबल दुरुस्त केलं, पान उघडलं. मग त्याला ते 777 काढायला लावलं. खरं भगदाड ते होतं.

‘फाइल परमिशन नीट ठेवल्या की पुरे’ हा आक्षेप जास्त वजनदार, पण तोही टिकत नाही. त्या परमिशन मालकाच्या मर्जीवर चालतात, आणि रूटला तर त्या अडवतच नाहीत. एसईलिनक्सच्या सक्तीच्या धोरणात मालकाची मर्जी चालत नाही. धोरणात लिहिलं असेल तेवढंच कर्नल वेबसर्व्हरला करू देतं. 2019 मध्ये कंटेनर चालवणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्रॅममध्ये अशी फट सापडली, की कंटेनरच्या आतून होस्टवरची रनसीची फाइलच बदलता येत होती. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर जिथे एसईलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये होतं, तिथे तो वार अडला.

अवघड आहे म्हणता? धोरणाची भाषा किचकट आहे, हे मला मान्य. पण ती रोज लिहावी लागत नाही. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर असेल तर एक बूलियन चालू करायचं, पोर्ट वेगळा असेल तर ‘सेमॅनेज’ने नोंदवायचा. तरीही गाडं अडलंच, तर ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने फक्त ‘एचटीटीपीडी_टी’ सैल सोडा. बाकीचा पहारा जागच्या जागी राहतो आणि नकार लॉगमध्ये उमटत राहतात. अँड्रॉइडने 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून एसईलिनक्स पूर्णपणे एन्फोर्सिंगमध्ये ठेवलं आहे. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात ते रोज चालतं आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

एका गोष्टीत मात्र आपल्याच बाजूच्या लोकांना बोललं पाहिजे. लॉग ‘ऑडिट2अलाउ’मध्ये ओतायचा आणि निघालेलं मॉड्यूल न वाचता लोड करायचं, ही सवय वाईट. त्या मुलाने तसं केलं असतं तर 403 गेलं असतं, पण धोरणाने वेबसर्व्हरला त्या यंत्रावरच्या सगळ्यांच्या ‘यूजर_होम_टी’ फायली वाचायची मुभा दिली असती, आणि चूक होती फक्त एका फोल्डरच्या लेबलात.