पुनरागमनाचे कौतुक पुरे, हक्काचे बोला!

मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईच्या सोसण्याचे फार कौतुक होते. ती पडली, उठली, पुन्हा कामाला लागली की तिच्या जिद्दीच्या आरत्या ओवाळल्या जातात. पण ती पडली कशामुळे, उठताना तिला हात कोणी दिला, तिची जागा कोणी राखून ठेवली होती का, हे कोणी विचारत नाही. टेनिसपटू सानिया मिर्झाविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यात नेमके हेच झाले आहे.

आधी हकीकत पाहू. १९८६ साली मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली ही मुलगी सहाव्या वर्षी टेनिस खेळू लागली. २००५ साली हैदराबादची स्पर्धा जिंकून, व्यावसायिक महिला टेनिसच्या जागतिक मालिकेत एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. २००७ मध्ये एकेरीत ती जगात २७ वी होती. तिचा हुकमी फटका फोरहँडचा. पण तो मारणारे मनगटच दुखावले. २००८ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिलाच सामना तिला अर्धवट सोडावा लागला. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रिया. अखेर २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. आपल्या शरीरात किती ताकद उरली आहे याचा हिशेब तिने स्वतः मांडला आणि दुहेरीवर लक्ष दिले. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन अशा ओळीने तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा तिने जिंकल्या. मिश्र दुहेरीच्या तीन त्याआधीच नावावर होत्या.

शरीर हेच जिचे कामाचे हत्यार आहे, अशा कुशल कष्टकरी बाईची ही गोष्ट आहे. पण या शरीराविषयी समाज काय बोलत होता? २००५ मध्ये काही मौलवींना तिचा स्कर्ट खुपला. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निवडीत पुरुष खेळाडूंची आपसातली भांडणे मिटवण्यासाठी टेनिस संघटनेने तिची जोडी परस्पर ठरवून टाकली. ज्याच्याबरोबर तिने नुकतीच फ्रेंच स्पर्धा जिंकली होती, तो जोडीदार बाजूला गेला. एका नाराज पुरुष खेळाडूला खूश करण्यासाठी आपला आमिषासारखा वापर झाला, असे तिने तेव्हा जाहीरपणे सुनावले. २०१४ मध्ये तेलंगणातल्या एका राजकीय नेत्याने तिला 'पाकिस्तानची सून' ठरवले. एकाला ती पुरेशी मुसलमान वाटली नाही, दुसऱ्याला पुरेशी भारतीय! आणि २०१६ मध्ये ती जगात पहिली असताना एका नामवंत पत्रकाराने तिला विचारले, संसारात स्थिरावणार कधी, आई होणार कधी? तिने त्याला तिथल्या तिथे जाब विचारला आणि त्याने माफी मागितली, हे खरे. पण पहिल्या क्रमांकावरच्या कोणत्या पुरुषाला हा प्रश्न विचारला गेला आहे?

ऑक्टोबर २०१७ पासून गुडघ्याने तिला कोर्टाबाहेर बसवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये होबार्टला नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकून ती परतली, आणि लगेच पोटरी दुखावली. २०२२ मध्ये कोपर. तरीही २०२३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीपर्यंत ती पोचली आणि फेब्रुवारीत दुबईत थांबली. या काळात चर्चा कशाची? तिने २६ किलो वजन कसे उतरवले याची, आणि 'सुपरमॉम' या बिरुदाची!

या बिरुदामागे काय झाकले जाते ते पाहा. २०२१ मध्ये इंग्लंडला खेळायला जाताना तिला व्हिसा मिळाला, पण दोन वर्षांच्या मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला मिळेना. क्रीडा मंत्रालयाला परराष्ट्र मंत्रालयाकडे शब्द टाकावा लागला. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकला ती गेली ती रजेपूर्वीचा ९ वा क्रमांक तिच्यासाठी राखून ठेवला होता म्हणून. जिद्द तिची होतीच. पण दार उघडले ते नियमाने.

आणि हे नियम कोणी दानात दिलेले नाहीत. जगात पहिली असलेली सेरेना विल्यम्स बाळंतपणानंतर २०१८ च्या फ्रेंच स्पर्धेत परतली तेव्हा तिला मानांकनही मिळाले नाही. त्यावर ओरड झाली, आई झालेल्या खेळाडूंनी मुद्दा लावून धरला, आणि २०१९ पासून मूल झाल्यावर तीन वर्षांपर्यंत जुना क्रमांक वापरता येऊ लागला. २०२५ मध्ये खेळाडूंना १२ महिन्यांपर्यंत पगारी बाळंतरजा देणारा निधी आला. तोही सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीच्या पैशातून! गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या बायकांना २०१८ मध्ये तुरुंगात टाकणाऱ्या राज्याचा हा पैसा. हक्क जरूर घ्यावा, पण देणाऱ्याचे हात कसे आहेत हे विसरू नये.

कोणी म्हणेल, ती श्रीमंत, प्रसिद्ध. आपल्या बायकांशी तिचा काय संबंध? संबंध हाच, की तिच्यासारखीलाही राखीव जागा, मूल सांभाळणारे माणूस आणि मंत्रालयाचा शब्द लागला. मग धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे मनगट मोडले तर तिचे काय होते? पंधरा दिवसांत त्या घरी दुसरी बाई येते. प्लास्टर उतरेपर्यंत पगार नाही, उतरल्यावर काम नाही. २०१७ मध्ये कायदा सुधारून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ती दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांतल्या बायकांसाठी. घरकामगार, शेतमजूर, ऊसतोड बायकांपर्यंत ती पोचलीच नाही. त्यांच्या पुनरागमनाला कोणी पुनरागमन म्हणत नाही. त्याला पोटासाठी ओल्या अंगाने कामावर जाणे म्हणतात.

येत्या ८ मार्चला गावोगावी 'कर्तृत्ववान महिलां'चे सत्कार होतील. शाल-श्रीफळ देणाऱ्यांना आपल्या गटांनी तीन प्रश्न विचारावेत. ही बाई आजारी पडली, बाळंत झाली, तेव्हा तिची जागा राखली होती का? त्या काळात तिला पैसे मिळाले का? ती कामावर गेली तेव्हा मूल कोणी सांभाळले? उत्तरे नसतील, तर त्या सत्काराच्या मंचावरूनच पाळणाघराची, पगारी रजेची आणि कामावर परत घेण्याच्या हमीची मागणी करू या.