देवाला नाही, पाखरं बघायला!

आषाढातला रविवार होता. "मैत्रिणींबरोबर येडशीच्या रामलिंगला जाऊन येते," असं घरी सांगितलं आणि लगेच होकार मिळाला. सासूबाईंनी तर बेल-फुलांची पिशवीही हातात दिली. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, आम्ही भिशीतल्या सहाजणी निघालो होतो पाखरं बघायला! एकीच्या मुलाची दुर्बीण, दुसरीच्या नवऱ्याचा कॅमेरा, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. देवदर्शन होणारच होतं, तरी घरी सांगितलं ते अर्धंच.

ते अर्धं सांगणं दिवसभर मनाला टोचत राहिलं. 'पाखरं बघायला जाते' म्हटलं असतं तर? "अंगणातल्या चिमण्या काय कमी आहेत?" "स्वयंपाकाचं काय?" "त्याने मिळणार काय?" पुरुषांना 'सहज' बाहेर पडता येतं. आपल्याला मात्र देव, लग्न, बाळंतपण नाहीतर दवाखाना, यातलं एक तरी कारण लागतंच.

बालाघाटाच्या डोंगरात, खाली दरीत रामलिंगाचं देऊळ आहे. भोवतीचं जंगल 1997 पासून अभयारण्य आहे. उन्हाळ्यात करपलेला हा डोंगर दोन पावसांत हिरवागार होतो. उतरताना पहिला आवाज आला तो पावशाचा, "पेरते व्हा, पेरते व्हा!" लहानपणी माहेरच्या शेतात ऐकलेला. तेव्हा तो कसा दिसतो हे बघायला सवड कुणाला होती? पुढे झाडाखाली पाचोळा उलटापालटा करत कलकलाट करणारे सातभाई दिसले. मराठीत सातभाई, इंग्रजीत मात्र 'सेवन सिस्टर्स', म्हणजे सात बहिणी! हे कळल्यावर आमच्यात जी हसाहशी झाली, तिने सातभाईच उडून गेले.

ओढ्याकाठी मात्र सगळ्या गप्प झालो. एका फांदीवर वाटीएवढं घरटं आणि त्यातून खाली लोंबणारी पांढरीशुभ्र, रिबिनीसारखी शेपटी. तो स्वर्गीय नर्तक. शेपटी मिरवणारा हा नर अंडी उबवायला मादीबरोबर पाळीपाळीने बसतो, बरं का! "आमच्या घरी पाठवा याला," असं एकजण पुटपुटली.

फोटोसाठी मी पुढे सरकले. आणखी एक पाऊल, मग आणखी एक. तो भुर्रकन उडाला. सोबतच्या वनरक्षक ताईंनी मला हळूच मागे ओढलं. म्हणाल्या, "ताई, बाळंतिणीच्या खोलीत असं घुसतेत का?"

मी खजील झाले. घरटं उघडं पडलं की अंडी गारठतात, कावळ्याला सापडतात. मोबाइलवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलावणारेही असतात. त्याला वाटतं दुसरा कुणी आपल्या हद्दीत शिरला, आणि ते घरटं सोडून धावतं. आपण दोन बाळंतपणं काढलेल्या बायका, आपल्याला हे कुणी शिकवायला हवं होतं का? मी फोटो काढला नाही. आम्ही लांब जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो परत येऊन बसला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

देवळाजवळ जटायूची समाधी दाखवतात. रावणाला अडवताना तो इथेच पडला, अशी श्रद्धा आहे. एका बाईसाठी जीव देणारं ते पाखरू. आपण समाधीला हात जोडतो, पण वर आभाळात गिधाडं उरलीत का, हे कधी बघतो? जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभर त्यांचा फडशा पडला. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. म्हणून म्हणते, नुसते हात जोडणं पुरेसं नाही, मान वर करून बघायलाही हवं.

"आपल्याला यातलं काय कळतं?" असं म्हणू नका. बिहारमध्ये जन्मलेल्या जमाल आरा यांचं शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झालं होतं. रानावनात हिंडून त्या पक्षी शिकल्या आणि 1970 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं पक्षिनिरीक्षणावरचं पुस्तक काढलं. मराठी नावांसाठी तर आपल्या शेजारच्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आहे. वाचनालयात मागून बघा.

जाताना मळखाऊ रंगाचे कपडे घाला, अत्तर-गजरा घरी ठेवा, पहाटे निघा. डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ या जंगलात कॅमेऱ्यात दिसला होता. म्हणून आधी वन विभागाकडे चौकशी करा, एकटीने जाऊ नका आणि उजेड असेतो परत फिरा.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "दर्शन झालं का गं?" मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पावशा वरडत होता का?" रानात खुरपणी करताना कित्येक पाखरं त्यांनी आवाजावरून ओळखली होती. मी मात्र इतक्या वर्षांत त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या महिन्याची भिशी पुन्हा डोंगरात आहे. या वेळी घरी सांगायचं वाक्य ठरलंय, "पाखरं बघायला जाते." तुम्हीही एकदा म्हणून बघा!