बोंडअळी, बीड आणि संशोधनाचा पैसा

मराठवाड्याच्या लेखी १९५८ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या ४ मार्च रोजी भारत सरकारने आपले विज्ञानविषयक धोरण ठरावरूपाने जाहीर केले, आणि २३ ऑगस्ट रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. शास्त्रीय ज्ञानाचे सर्व लाभ जनतेस मिळावेत, असे त्या ठरावात म्हटले होते. निजामी राजवटीतून सुटून जेमतेम दहा वर्षे झालेल्या प्रदेशातील मुलांस उच्च शिक्षण आपल्या दारी मिळावे, हा विद्यापीठामागील हेतू होता. ह्या दोन संकल्पांची गाठ कोठे पडली आणि कोठे चुकली हे ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी आज त्याच विद्यापीठाच्या कक्षेतील बीड जिल्ह्यात जावे, आणि शक्य तर कपाशीच्या हंगामात जावे.

गेवराई, माजलगाव, वडवणी ह्या भागांतील शेतकऱ्यांस २०१७ सालचा हंगाम विसरता येणार नाही. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी महाराष्ट्रातील कपाशी पोखरली आणि अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला. हे संकट आकाशातून अकस्मात कोसळले नव्हते. बीटी कपाशीस आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ साली आले, आणि पहिल्या जनुकास ही अळी दाद देत नाही हे २०१० साली गुजरातेत उघड झाले होते. दुसरे जनुकही पुढे निष्प्रभ होत गेले. म्हणजे इशारा मिळाल्यापासून नुकसान होईपर्यंत सात वर्षांचा अवधी हाती होता. त्या सात वर्षांत बीडच्या शिवारात पतंग केव्हा उडू लागतात, किती उडतात आणि दरवर्षी वाढतात की घटतात, ह्याची अखंड नोंद तालुक्यातालुक्यांत कोणी ठेवली असती, तर शेतकरी इतका बेसावध सापडला नसता.

ही नोंद ठेवण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही, पण चिकाटी लागते. कामगंध सापळा शेतात लावावयाचा, रोज सकाळी त्यातील नर पतंग मोजावयाचे, आणि सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असे समजावयाचे. फुले उमलू लागली की डोमकळ्या शोधावयाच्या, हिरवी बोंडे फोडून अळ्या पाहावयाच्या, आणि फरदड घेतलेल्या रानात व न घेतलेल्या रानात काय फरक पडतो तो लिहून ठेवावयाचा. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. म्हणून डिसेंबरनंतर पीक काढून रान मोकळे ठेवले की तिची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. परंतु विहिरीला पाणी असताना फरदडीचे चार पैसे सोडून द्या असे शेतकऱ्यास सांगावयाचे, तर त्याच्याच तालुक्यातील पाच वर्षांचे आकडे त्याच्यापुढे ठेवावे लागतात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि परभणीचे कृषी विद्यापीठ आपापले काम करीत आहेत, हे आम्हांस मान्य आहे. तथापि प्रत्येक मंडळातील पतंग मोजणे त्यांच्या मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्राणिशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात आधीच आहे, आणि त्याचे विद्यार्थी त्याच शेतांतून वर्गात येतात.

मग हे काम तो का करीत नाही? आमच्या मते ह्याचे उत्तर त्याच्या आळसात शोधण्यापूर्वी अनुदानाच्या कागदांत शोधावयास हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु संशोधन प्रकल्पांची एक योजना होती. विज्ञानाच्या महाविद्यालयीन अध्यापकास तीतून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळू शके. रक्कम लहान होती, परंतु सापळे, सूक्ष्मदर्शक आणि गावोगाव फिरण्याचे पेट्रोल एवढ्यास ती पुरेशी होती. बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि तिच्याबरोबर हा ओघही आटला. पुढे तीनच महिन्यांनी जो हंगाम सुरू झाला, तो बोंडअळीचा.

त्यानंतर दिल्लीने मोठ्या गोष्टी केल्या नाहीत असे नाही. २०२३ साली कायदा करून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा संकल्प सांगण्यात आला. पण त्यातील ३६ हजार कोटी उद्योग, देणग्या व तत्सम मार्गांनी उभे राहावयाचे आहेत असेही त्याच वेळी सांगितले गेले. एखादा कारखानदार औषधाच्या रेणूसाठी पैसे देईल, पण गेवराईच्या रानात पतंग मोजण्यासाठी तो ते का देईल? प्रतिष्ठानाने अग्रगण्य संस्थेस केंद्र मानून इतरांस तिच्याशी जोडण्याची योजनाही काढली आहे. कल्पना चांगली आहे. मात्र पहिल्या फेरीत नामांकनात वर असलेल्या विद्यापीठांचा विचार झाला, आणि संलग्न महाविद्यालय दाराबाहेरच राहिले. नीति आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशातील ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्याशा ताटातील वाढप वरच्या पंगतीतच संपत असेल, तर खालच्या पंगतीस कशाची वाट पाहावयास सांगावयाचे?

त्यातच सरकारचा एक हात देतो आणि दुसरा काढून घेतो. संशोधन संस्थांस उपकरणांवर पाच टक्के कराची सवलत होती. ती १८ जुलै २०२२ पासून काढण्यात आली, आणि लाखाच्या सूक्ष्मदर्शकास जेथे १ लाख ५ हजार पडत तेथे १ लाख १८ हजार मोजण्याची पाळी आली. मोठ्या संस्थेस तेरा हजारांचे काही वाटत नाही, पण तालुक्याच्या महाविद्यालयात तेवढ्यात हंगामभराचे सापळे येतात. शिवाय अनुदानाचा हप्ता मार्चअखेरीस हाती पडला आणि ३१ तारखेच्या आत त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मागितले, म्हणजे जूनमध्ये पेरावयाच्या पिकाचे संशोधन कपाटे खरेदी करूनच पार पाडावे लागते.

लहान महाविद्यालयांस दिलेला पैसा वाया जातो, असा ह्यावर एक आक्षेप घेतला जातो. तो आम्ही झटकून टाकीत नाही. २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या बढतीसाठी गुणांची मोजदाद सुरू केली. तेव्हा पुष्कळ प्रकल्प केवळ गुणांसाठी झाले, त्यांचे बांधीव अहवाल कपाटात गेले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, ही वस्तुस्थिती आहे. पण ज्या व्यवस्थेने निबंधांची संख्या मागितली तिला संख्याच मिळाली. तिने दहा वर्षांची नोंदवही मागून पाहिलीच कोठे? आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत भाषा शिकविली आहे, आणि प्रसंगी विज्ञानाचा तासही घेतला आहे. मुलांकडून बेडकाच्या अवयवांची नावे आम्ही पाठ करून घेत असू. शाळेमागच्या कपाशीवर कोणती अळी आहे हे मुलांस ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही नव्हते.

बोंडअळी हा ह्या जिल्ह्याचा एकच प्रश्न नव्हे. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटाच्या डोंगरातील हे फळ दिवाळीच्या सुमारास आमच्या शहरी वाचकांच्या घरीही येते. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने 'धारूर-६' हा वाण दिला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु फळ चार-दोन दिवसांत पिकून नासते, आणि गर टिकविण्यासाठी तापविला तर कडवट होतो. हा प्रश्न जीवरसायनशास्त्राचा आहे, आणि तो सुटेपर्यंत डोंगरातून फळ वेचून आणणाऱ्या बाईस व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागणार. त्याच बाया पुढे ऊसतोडीस जातात. राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली ह्या जिल्ह्यातील ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अकाली झालेल्या ह्या शस्त्रक्रियांचा त्यांच्या हाडांवर आणि रक्तावर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे तर त्याच स्त्रियांस वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा भेटावे लागेल. जिल्ह्यातच अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आसपास जीवशास्त्राचे विभाग आहेत. त्यांस एकत्र बांधणारी आणि मध्येच न तुटणारी रक्कम हवी.

राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्रास साहाय्य दिले आहे. वनभागात जे करता आले ते दुष्काळी भागात करता येऊ नये असे काही नाही. तसे केंद्र बीडमध्ये व्हावे, अशी आमची सूचना आहे. केंद्र सरकारने लघु प्रकल्पांची योजना पुन्हा सुरू करावी, मात्र तिची मुदत दोन वर्षांची न ठेवता निदान पाच वर्षांची ठेवावी. विद्यापीठानेही आपल्या निधीतील ठरलेला भाग संलग्न महाविद्यालयांच्या निरीक्षणकार्यासाठी वेगळा काढावा, अहवाल मराठीत मागावा, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखविल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. परीक्षकांनी निबंध मोजण्याऐवजी एकदा शेतात जाऊन सापळे पाहावेत.

ह्यासाठी लागणारी रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतकी किरकोळ आहे. वेळ मात्र पाळली पाहिजे. कपाशी जूनमध्ये पेरली जाते आणि तेथून दीड महिन्यात सापळे शेतात असावे लागतात. म्हणून मंजुरीचा कागद मे महिन्यापूर्वी निघावयास हवा, आणि पहिला हप्ता पेरणीच्या आधी महाविद्यालयाच्या खात्यात जमा व्हावयास हवा.